फोन बरा आहे, काकू

डोंबिवली पूर्व. मे महिन्यातली संध्याकाळ. जिन्याखाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान, बाहेर रांग. टेबलफॅनचा वारा कारागिरापाशीच संपतो. आम्ही सगळे घामाने निथळतोय. कुणाची स्क्रीन फुटलीय, कुणाचा फोन चार्ज होत नाही. आत सोल्डरचा उग्र वास.

आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा नंबर लागतो.

"घरात सगळ्यांचं वायफाय चालतं, माझंच लागत नाही. नवीनच घ्यावा लागेल का रे दादा?"

फोन २०१६चा. मागचं कव्हर पिवळं पडलेलं. कारागीर तो खोलत नाही. फ्लाइट मोड बंद आहे ना, तारीख बरोबर आहे ना, एवढंच बघतो. मग स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो, पासवर्ड टाकतो. वरच्या पट्टीत वायफायचं चिन्ह येतं.

"फोन बरा आहे, काकू. दुखणं घरी आहे."

पैसे घेत नाही. मिनिटभराची ही तपासणी नवा फोन घ्यायच्या आधी प्रत्येकाने करायलाच हवी. ती न केल्यामुळे किती धडधाकट फोन कपाटात जाऊन पडतात! वायफायचं बटण चालूच होत नसेल, करडंच राहत असेल, तर गोष्ट वेगळी. मग बिघाड बहुधा फोनच्या आतलाच.

आता काकूंच्या घरी. केबलवाल्याची वाट बघणं. "येतोच" म्हणालाय, त्यालाही तास होत आला. हॉलमध्ये काकूंचा मुलगा मॅच बघतोय.

केबलवाला येतो. आधी राऊटरचे दिवे बघतो. लाल एकही नाही, म्हणजे लाइन ठीक आहे.

"हा राऊटर नवीन बसवलाय ना?"

"गेल्याच आठवड्यात."

तो राऊटर उलटा करतो. टॉर्चच्या उजेडात खालच्या स्टिकरवरची बारीक अक्षरं वाचतो. मुलाच्या फोनवर १९२.१६८.१.१ टाकून सेटिंग उघडतो. सुरक्षेच्या रकान्यात फक्त 'डब्ल्यूपीए३'. ही पद्धत २०१८ची. त्याआधीचे बरेचसे फोन डब्ल्यूपीए२च ओळखतात.

"कुलूप नवं आहे काकू, जुन्या फोनकडे किल्लीच नाही." तो दोन्ही चालतील असा पर्याय निवडतो आणि सेव्ह करतो.

राऊटर पुन्हा सुरू होतोय. मॅच थांबते. "अरे, आत्ताच?" दिवे एकेक करून लागतात. काकूंच्या फोनमधलं जुनं नेटवर्क तो काढून टाकतो, पासवर्ड नव्याने भरतो. पहिलं अक्षर कॅपिटल. जोडलं जातं! खणाखण मेसेज येऊ लागतात.

काकू फोन घेऊन थेट आतल्या खोलीत जातात. तिथे रेंज एका काडीवर येते. तो टीव्हीमागे हात घालतो, वायर मोकळी करतो.

"हा राऊटर इथे कोंबून ठेवू नका. वर मोकळा ठेवा. स्टूल आहे का?"