विश्लेषण : एकाच पेटीतले बोल्ट, भारतीय किती, चिनी किती?

समजा, भोसरीतल्या एका कारखान्याने 600 बोल्ट स्वतः बनवले आणि मागणी पुरी करायला 400 चीनमधून मागवले. माप एक, दर्जा एक, पेटीही एकच. त्यातले 500 दुबईला पाठवायचे आहेत. मग ‘मूळ देश’ या रकान्यात काय लिहायचे?

प्रश्न पैशाचा का?

संयुक्त अरब अमिरातीत बहुतेक मालावर 5 टक्के आयात शुल्क लागते. 1 मे 2022 पासून लागू झालेल्या भारत-अमिराती करारामुळे बऱ्याच भारतीय मालाला त्यात सवलत मिळते. बोल्टसारख्या मालात नफाच जेमतेम असतो. तिथे हे 5 टक्के ऑर्डर मिळवून देतात किंवा घालवतात. पण माल कराराच्या निकषांनुसार भारतीय हवा. चिनी बोल्ट पुण्यात नव्या खोक्यात भरला म्हणून भारतीय होत नाही.

मग मोजायचे कसे?

सरळ उपाय म्हणजे दोन वेगळ्या पेट्या. छोट्या कारखान्याला ते दर वेळी जमत नाही. म्हणून अनेक व्यापार करारांत अशा एकमेकांच्या जागी चालणाऱ्या मालासाठी साठ्याच्या हिशेबाची मुभा असते. प्रत्यक्ष कोणता बोल्ट गेला हे पाहायचे नाही, वही सांगेल ते मूळ.

खरी गंमत इथे आहे. चिनी माल आधी आला असेल, तर ‘आधी आला तो आधी गेला’ या पद्धतीने 500 पैकी फक्त 100 भारतीय ठरतात. ‘शेवटी आला तो आधी गेला’ धरले तर सगळे 500. सरासरीने 300. पेटी तीच, उत्तरे तीन! म्हणूनच निवडलेली पद्धत आर्थिक वर्षभर कायम ठेवण्याची अट अनेक करारांत असते. पद्धत कोणतीही असो, 600 पेक्षा जास्त बोल्ट भारतीय म्हणून बाहेर पडता कामा नयेत.

काही करार मात्र ही मुभा फक्त कच्च्या मालाला देतात, तयार मालाला नाही. तिथे पेट्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात.

कागद कोणते?

सवलतीसाठीच्या प्रमाणपत्राचा अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवर करायचा असतो. उद्योग चेंबरकडून मिळणाऱ्या साध्या, बिगर-सवलतीच्या प्रमाणपत्रावर शुल्कमाफी मिळत नाही. आयातदारांनाही सुटका नाही. सीमाशुल्क कायद्याचे कलम 28 डीए आणि 21 सप्टेंबर 2020 पासूनचे नियम सांगतात, की नुसते प्रमाणपत्र पुरेसे नाही; माल त्या देशाचा कसा ठरला, याची माहिती आयातदाराकडे हवी आणि कागद किमान 5 वर्षे जपायला हवेत. न्हावा शेवाला माल सुटल्यानंतरही विचारणा होऊ शकते.