रात्रीचा पोपट

पोपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पेरूच्या बागेवरून कलकलाट करीत जाणारा हिरवा थवा, नाहीतर पडवीतल्या पिंजऱ्यात भिजवलेली डाळ खाणारा राघू उभा राहतो; परंतु न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्येस फियॉर्डलँड नावाचा जो दुर्गम, वर्षातील बहुतेक दिवस पावसात भिजणारा डोंगराळ मुलूख आहे, तेथील अरण्यात पूर्वी असा एक पोपट नांदत होता, की ज्याला मुळीच उडता येत नाही, जो दिवसभर झुडपाखाली निजून रात्री चरावयास निघतो आणि ज्याच्या नराचे वजन चार किलोंपर्यंत भरते. माओरी लोक त्याला काकापो म्हणतात. काका म्हणजे पोपट आणि पो म्हणजे रात्र. मुद्रा घुबडासारखी, पिसारा शेवाळाच्या रंगाचा आणि अंगाला मधासारखा गोड दर्प, असे त्याचे रूप आहे.

वटवाघळांवाचून दुसरा सस्तन प्राणी ज्या भूमीवर मूळचा नव्हता, तेथे त्याला भय होते ते केवळ आकाशातून दृष्टीच्या बळावर शिकार हेरणाऱ्या पक्ष्यांचे. म्हणून चाहूल लागताच जागच्या जागी निश्चल होऊन शेवाळात मिसळून जाणे, हीच त्याची संरक्षणविद्या ठरली. माणसाबरोबर प्रथम उंदीर व कुत्री आली, पुढे मांजरे आली, आणि सशांचा उपद्रव आवरण्यासाठी 1880 नंतरच्या दशकात मुंगसासारखा चपळ असा स्टोट नावाचा प्राणी मुद्दाम आणून सोडण्यात आला. हे सारे वासावरून माग काढणारे. त्यांच्यापुढे स्तब्ध बसून राहणे म्हणजे आयते भक्ष्य होणे होय.

त्याचा प्रणयविधी तर विलक्षणच आहे. डोंगराच्या धारेवर नर वाटीच्या आकाराचे खळगे कोरतो, ते पायवाटांनी एकमेकांस जोडतो, आणि रात्री त्यांत बसून छाती चेंडूसारखी फुगवून असा खोल, घुमणारा नाद काढतो, की वारा अनुकूल असल्यास तो पाच किलोमीटरपर्यंत पोहोचतो. हे रोज सात-आठ तास, दोन-तीन महिने चालते. खळग्यातला काडीकचराही त्याला खपत नाही. नर रात्री येऊन गेला की नाही हे पाहण्यासाठी संशोधक तेथे दोन-चार काटक्या ठेवीत, आणि सकाळी त्या बाहेर फेकलेल्या दिसल्या की त्याच्या हजेरीची खात्री पटे. परंतु हा सोहळा दरसाल होत नाही. रिमू नावाच्या वृक्षाला दोन-चार वर्षांनी फळांचा बहर येतो, तेव्हाच विणीचा हंगाम. पिल्लांचे संगोपन मादी एकटीच करते.

1894 मध्ये सरकारने रिचर्ड हेन्री नावाच्या गृहस्थाची डस्की साउंडमधील रेझोल्यूशन बेटावर राखणदार म्हणून नेमणूक केली. मुसके बांधलेल्या कुत्र्याच्या साहाय्याने काकापो व किवी शोधावेत, होडीत घालून स्टोट नसलेल्या त्या बेटावर न्यावेत, असा त्याने क्रम चालविला आणि शेकडो पक्षी स्वतःच्या हातांनी तेथे पोहोचविले. 1900 मध्ये त्याच बेटावर स्टोट दिसला. मधले पाणी तो पोहून आला होता. एवढ्या मेहनतीचा असा शेवट वाचताना आजही मन खिन्न होते. हेन्रीची योजना रास्तच होती. बेट किनाऱ्याला जवळ पडले.

1970 नंतर फियॉर्डलँडच्या कड्याकपाऱ्या पुन्हा धुंडाळल्या, तेव्हा अवघे अठरा पक्षी सापडले आणि ते सगळे नर निघाले. 1977 मध्ये स्टुअर्ट बेटावर माद्यांसह वस्ती आढळली नसती, तर जातीचा इतिहास तेथेच संपला असता. तेथेही मांजरांकडून संहार चालू असल्याने उरलेले पक्षी उचलून कॉडफिश बेटासारख्या दूरच्या, शत्रूरहित बेटांवर हलविण्यात आले. 1995 मध्ये शिरगणती 51 होती. 2022 मध्ये ती 252 पर्यंत गेली. आज प्रत्येक काकापोला नाव आहे, आणि पाठीवर बांधलेल्या बिनतारी यंत्रामुळे त्याचा ठावठिकाणाही कळतो.

फियॉर्डलँडच्या त्या अखेरच्या नरांपैकी 1975 मध्ये पकडलेल्या एकाला रिचर्ड हेन्रीचेच नाव देण्यात आले. तो 2010 मध्ये मरण पावला. त्यापूर्वी, 1998 मध्ये, माऊड बेटावर स्टुअर्ट बेटाच्या फ्लॉसी नावाच्या मादीपासून त्याला तीन पिल्ले झाली होती. त्यांपैकी दोघांची नावे, गलिव्हर आणि सिंदबाद, फियॉर्डलँडमधील दऱ्यांवरून ठेवलेली आहेत.