हवेऐवजी इंजिनात काय गेलं?

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली की चालकाचा हात आपोआप किल्लीकडे जातो. एकदा सेल मारून होतो, दुसऱ्यांदा होतो, मग मदतीला धावलेले चार जण मागून धक्का मारतात. इंजिनाचं सगळ्यात महागडं नुकसान बऱ्याचदा याच पाच मिनिटांत होतं. हवा आत घेणाऱ्या मार्गाला काहीही झालेलं असो, त्यात पाणी शिरलेलं असो, होज उंदरांनी कुरतडलेला असो की सीएनजीच्या बॅकफायरने फिल्टरचा डबा फुटलेला असो, ‘गाडी सुरू का होत नाही’ हा प्रश्न नंतरचा. आधी शोधायचं ते हे, की हवेऐवजी आत काय गेलं आणि ते अजून आत आहे का.

इंजिनाची हवेची भूक आपल्या कल्पनेपेक्षा फार मोठी असते. एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण ११ किलो हवा लागते. म्हणजे जवळपास नऊ हजार लिटर. ही हवा बंपरच्या मागे किंवा हेडलाइटच्या शेजारी असलेल्या तोंडातून शिरते, फिल्टरच्या डब्यातून गाळली जाते, रबरी होजमधून थ्रॉटलपर्यंत येते आणि पुढे मॅनिफोल्डमधून व्हॉल्व्हवाटे सिलिंडरात पोचते. हे तोंड कंपनीने शक्य तेवढं उंचावर ठेवलेलं असतं. पण कधीतरी बंपरला किरकोळ ठोकर बसते, पुढचा प्लास्टिकचा पाइप तडकतो किंवा सांध्यातून निसटतो आणि तसाच राहतो, कारण त्याने गाडीच्या चालण्यात काही फरक पडत नाही. सर्व्हिसिंगनंतर डब्याची एखादी क्लिप लागलेली नसते. मग पावसाळ्यात, एरवी सहज पार झालं असतं एवढ्याच पाण्यात, समोरून येणाऱ्या बसने उडवलेली लाट थेट त्या फटीत शिरते.

किती पाणी पुरतं? १२०० सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घ्या. एका सिलिंडरात पिस्टन ३०० सीसी जागा झाडतो. कॉम्प्रेशनचं प्रमाण १० धरलं, तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी जागा फक्त ३३ सीसी. हवा तेवढ्या जागेत दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दोन मोठे चमचे पाण्याने ती जागा जवळजवळ भरते. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन याहून बरंच जास्त, म्हणून जागा आणखी लहान. तिथे सव्वा चमचाही पुरे होतो. वर येणाऱ्या पिस्टनला पुढे जायला वाव नसतो, खालून क्रँकशाफ्ट रेटत असते, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर असंख्य गाड्या चालत्या अवस्थेत पाण्यात सापडल्या. चालतं इंजिन पाणी प्यायलं की रॉड त्याच क्षणी जाऊ शकतो. जुलै २०२१मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा दारात उभ्या असलेल्या गाड्याही बुडाल्या. तांत्रिकदृष्ट्या हे दोन वेगळे रोगी आहेत. बंद इंजिनात पाणी हळूहळू उतरतं. वायरिंग, सीट, कंट्रोल युनिट यांचं वाटोळं होतं, पण रॉड सरळ राहतात. अशी गाडी पूर ओसरल्यावर कुणी ‘बघू तरी’ म्हणून सुरू करून पाहिली, तर वाचलेलं इंजिनही हातचं जातं. नुसता स्टार्टर बहुतेकदा अडून थांबतो. पण तीन सिलिंडर पेटले आणि चौथ्यात पाणी असलं, तर त्या तिघांचं बळ चौथ्या रॉडवर येतं. धक्का मारून गिअर टाकणं त्याहून वाईट, कारण तिथे अख्ख्या गाडीचा वेग रॉडवर येतो.

म्हणून तपासणीची सुरुवात किल्लीने करू नये. बॅटरीची तार काढावी, गाडी टोचन करून किंवा उचलून न्यावी आणि पहिल्यांदा फिल्टरचा डबा उघडावा. फिल्टरचा कागद ओला आहे का, चिखलाची रेघ कुठवर गेली आहे, होजच्या आत ओल आहे का, हे पाहायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो आणि निम्मं निदान तिथेच होतं. डबा आणि होज कोरडे ठणठणीत असतील, तर गाडी बहुधा भिजलेल्या कॉइलमुळे किंवा कनेक्टरमुळे बंद पडली आहे, आणि मालकाने सुटकेचा श्वास घ्यायला हरकत नाही. ओल दिसली, तर सगळे स्पार्क प्लग काढायचे (डिझेलला ग्लो प्लग) आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं. सलग फिरलं तर ठीक. एका ठिकाणी अडलं तर जोर लावायचा नाही. मोकळं फिरत असेल तेव्हाच, पेट्रोलपंपाचा फ्यूज काढून, प्लग बाहेर असतानाच सेल मारायचा. फ्यूज विसरला तर उघड्या भोकांतून पेट्रोलचा फवारा येतो आणि आग लागू शकते. पाणी असेल तर ते त्या भोकांतून जोरात उडतं. समोर तोंड धरून उभं राहू नये.

सोबत डिपस्टिक पाहावी. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे; ते बदलल्याशिवाय पुढची कुठलीही चाचणी करू नये.

फुटलेल्या भागांची गोष्ट वेगळी. जुन्या मिक्सर पद्धतीच्या सीएनजी किटमध्ये गॅस थ्रॉटलच्या आधीच हवेत मिसळतो, त्यामुळे अख्खा इनटेक ज्वालाग्राही मिश्रणाने भरलेला असतो. प्लग किंवा व्हॉल्व्ह कमजोर असेल तर ज्वाला उलट फिरते आणि डबा किंवा प्लास्टिकचा मॅनिफोल्ड फुटतो. सीक्वेन्शियल किटमध्ये गॅस व्हॉल्व्हजवळ सोडला जात असल्याने हा धोका बराच घटला आहे. तरी फुटलाच, तर नवा मॅनिफोल्ड बसवण्याआधी जुन्याचे तुकडे टेबलावर जुळवून पाहावेत. हे काम फार थोड्या गॅरेजांत होतं आणि प्रत्येक गॅरेजात व्हावं असं मला ठामपणे वाटतं. जो तुकडा सापडत नाही तो इंजिनात असू शकतो. प्लगच्या भोकातून कॅमेऱ्याची बारीक नळी घालून पाहिलं की पिस्टनवर पडलेलं किंवा व्हॉल्व्हखाली अडकलेलं प्लास्टिक दिसतं.

आत काहीच गेलं नाही, इंजिन नीट फिरतं, तरी पेटत नाही, अशा वेळी इनटेकला पडलेलं भोक थ्रॉटलच्या अलीकडे आहे की पलीकडे याला महत्त्व येतं. काही इंजिनांत येणारी हवा फिल्टरनंतर लगेच मोजली जाते. तिथे मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे होज फाटला, तर न मोजलेली हवा आत जाते, पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन पेटून लगेच विझतं. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्या मात्र मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज बांधतात. त्यांत थ्रॉटलच्या अलीकडचा होज फाटला तरी गाडी सुरू होते. फक्त धूळ थेट सिलिंडरात जाऊ लागते. अशा गाडीत होज बदलूनही इंजिन सुरू होत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

दाबाचा सेन्सर तपासायची सोपी पद्धत आहे. इंजिन बंद, किल्ली ऑन, स्कॅनर जोडलेला: आकडा त्या गावच्या हवेच्या दाबाएवढा यायला हवा. मुंबईत साधारण १००, पुण्यात ९५च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ किलोपास्कल. पुण्यात उभ्या गाडीत तो ६० दाखवत असेल, तर सेन्सर, त्याची वायर किंवा कनेक्टर बिघडला आहे, आणि कंट्रोल युनिट त्या चुकीच्या आकड्यावरून पेट्रोल सोडतं आहे. स्कॅनरवर ‘पी ०१७१’ हा कोड आला, तर मिश्रणात हवा जास्त होते आहे एवढंच कळतं. गळती कुठे आहे ते इनटेकमध्ये धूर सोडून शोधावं लागतं.

शेवटी कॉम्प्रेशन. पाणी काढल्यावर गाडी सुरू झाली की पुष्कळ जण तिथेच थांबतात, आणि इथेच धोका लपतो. रॉड किंचित वाकला तरी इंजिन चालतं. मग काही आठवड्यांनी हायवेवर रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. वर घेतलेल्याच इंजिनात, ७३ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात रॉड जेमतेम १ मिलिमीटर आखूड झाला, तर वरची जागा ३३वरून ३७ सीसीवर जाते आणि कॉम्प्रेशनचं प्रमाण १०वरून ९वर येतं. गेजवर हा फरक दिसतो. सुस्थितीतल्या पेट्रोल इंजिनात दाब साधारण १५० ते २०० पीएसआय असतो. पण नुसत्या आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांशी किती जुळतात ते बघायचं. एखादा इतरांहून ठळकपणे मागे असेल, तर प्लगच्या भोकातून प्रत्येक पिस्टन कुठवर वर येतो ते मोजायचं. पिस्टन कमी वर येत असेल तर रॉड वाकला आहे आणि इंजिन उघडणं भाग आहे. सगळे सारखे वर येत असतील, तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा रिंगमध्ये शोधायचा.

विम्याबद्दल थोडक्यात: नेहमीच्या पॉलिसीत परिणामी नुकसान वगळलेलं असतं, आणि पाण्यातून निघाल्यावर पुन्हा सेल मारून गेलेलं इंजिन त्यात धरलं जाऊ शकतं. इंजिनासाठीचं वेगळं संरक्षण घेतलेलं असेल तरी गाडी हलवण्याआधी पाण्याची पातळी, ओला फिल्टर आणि तडकलेला पाइप यांचे फोटो काढावेत. गॅरेजकडून गाडी परत घेताना चारही सिलिंडरांच्या कॉम्प्रेशनचे आणि पिस्टनच्या उंचीचे आकडे बिलावर लिहून मागावेत. ते मोजलेच नाहीत असं उत्तर आलं, तर गाडी तिथेच ठेवून आधी मोजून घ्यावेत.