नळदुर्गच्या घरची राणी

नळदुर्गची दगडी तटबंदी बांधून घेणारा विजापूरचा अली आदिलशहा हा चांदबीबीचा नवरा. ती अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची लेक. सोलापूरच्या किल्ल्यावरून माहेर-सासरची जुनी भांडणं होती. लग्नात तोच किल्ला तिच्याबरोबर आंदण गेला!

१५८० मध्ये अली वारला. गादीवर आला पुतण्या इब्राहीम, वय अवघं नऊ, म्हणजे चौथीतल्या मुलाएवढा. कारभार काकूकडे आला. एका सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं, पण ती सुटून परतली. चांदबीबी स्वतः कधीच तख्तावर बसली नाही. तरी दोन राज्यं तिनेच सावरली.

१५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने तिच्या माहेरच्या, नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. तेव्हा ती तिथेच होती. मुघलांनी तटाखाली सुरुंग पेरले. आतल्या लोकांनी काही हुडकून दारू काढून घेतली, पण एक उडालाच. तट फुटला. तोंडावर बुरखा, हातात नंगी तलवार, अशी चांदबीबी त्या खिंडारात येऊन उभी राहिली. पळणारे मागे फिरले. रात्रभर दगडमाती रचून सकाळपर्यंत खिंडार बुजवलं. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला.

१६०० मध्ये, पुन्हा वेढा पडलेला असताना, फितुरीच्या खोट्या संशयावरून तिच्याच माणसांनी तिला मारलं. फार वाईट वाटतं हे वाचताना.

तिने सांभाळलेल्या इब्राहीमच्याच काळात, १६१३ मध्ये, नळदुर्गला बोरी नदीच्या बांधात पाणीमहाल झाला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात, आणि आतली खोली कोरडीच असते.