कलम 64 : एका नगरसेवकाचे स्मारक

वर्षानुवर्षे निवडून आलेला नगरसेवक गेला की सभागृहात शोकप्रस्ताव मांडला जातो, सदस्य दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात आणि पुढे एखाद्या चौकाला त्याचे नाव लागते. श्रद्धांजलीच्या भाषणांत त्याने आणलेले नळ, बांधलेली गटारे, उभारलेल्या शाळा यांची आठवण निघते. ही कामे लोकांच्या रोजच्या जगण्याशी जोडलेली असल्याने ती आठवण रास्तच आहे. तरीही नळ गंजतात, गटारे पुन्हा बांधावी लागतात आणि चौकाचे नाव कोणाचे हेही पुढच्या पिढीला ठाऊक नसते. टिकते ती त्याने घडवलेली कारभाराची रीत. म्हणून नगरसेवकाचा गौरव करताना पहिला प्रश्न हा विचारावा की, त्याच्यामुळे नागरिकाला कारभाऱ्यांकडून हिशेब मागण्याची ताकद किती वाढली? या कसोटीवर मुंबईत सर फिरोजशहा मेहता यांच्याइतका खरा उतरणारा माणूस विरळा. सुमारे चार दशके, 1915 मध्ये निधन होईपर्यंत, ते मुंबईच्या महापालिकेशी बांधलेले राहिले. काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी 1890 मध्ये भूषवले. पण मुंबईने 1923 मध्ये त्यांचा पुतळा उभा केला तो महापालिकेच्या दारात.

त्यांच्या कामाचे बीज 1871 मधल्या वादात आहे. 1865 च्या कायद्याने शहराचा कारभार आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती एकवटला होता. क्रॉफर्ड यांनी धडाक्याने कामे केली. आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी मंडई त्याच काळातली. पण खर्च हाताबाहेर गेला आणि करदाते संतापले. आयुक्तावर देखरेख करायची ती सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी, आणि ती झालीच नाही. त्या गदारोळात अवघ्या 26 वर्षांच्या मेहतांनी लोकमताच्या विरुद्ध जाऊन सांगितले की, कार्यक्षम आयुक्त ठेवावा, मात्र त्याला जाब विचारणारी मंडळी लोकांनी निवडून द्यावी. पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्याने 64 सदस्यांपैकी 32 करदात्यांनी निवडायचे ठरले. 1888 च्या कायद्याची घडण चालू असताना मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघेही प्रांतिक कायदेमंडळात होते. आयुक्ताला महापालिकेच्या बरोबरीचे स्थान देऊ पाहणाऱ्या मूळ मसुद्याविरुद्ध त्यांनी बाजू लढवली. त्या कायद्याचे 64 वे कलम सांगते की, शहराचा कारभार महापालिकेच्या ठायी आहे. अंमलबजावणीचे अधिकार आयुक्ताकडे राहिले, पण पैशाच्या मंजुरीची किल्ली सभागृहाकडे आली.

यावर पहिला आक्षेप असा की, मेहतांनी मागे ठेवलेला नगरसेवक दुबळाच आहे. आयुक्ताची नेमणूक सरकार करते, अंमलबजावणी आयुक्त करतो, मग नगरसेवकाच्या हाती उरते काय? आक्षेपात तथ्य आहे. ती परकीय राजवटीत पदरात पाडून घेतलेली तडजोड होती आणि स्वातंत्र्यानंतर ती पुढे नेण्याचे काम आपले होते. पण उरले ते थोडे नाही. अर्थसंकल्प सभागृहापुढे उघडपणे मांडावा लागतो, कंत्राटे स्थायी समितीपुढे येतात, आणि पाच-अष्टमांश सदस्यांनी ठरवले तर आयुक्ताला हटवावे लागते. याची किंमत सभागृह नसताना कळते. 7 मार्च 2022 रोजी मुदत संपल्यावर मुंबईत तीन वर्षांहून अधिक काळ 227 पैकी एकही नगरसेवक नव्हता. आयुक्तच प्रशासक होते. खर्च सुचवणारा आणि मंजूर करणारा एकच, ही 1871 मध्ये करदात्यांना खुपलेली स्थितीच पुन्हा आली होती.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्यांना मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हटले जाई, त्यांना लोकशाहीचा आदर्श कसे मानायचे? सभागृहावर त्यांची हुकमत होती आणि तेव्हाचा मताधिकार मूठभर करदात्यांपुरता होता. गिरणीत राबणारा, चाळीत राहणारा मुंबईकर त्या यादीत नव्हता. ही उणीव झाकून केलेला गौरव खोटा ठरेल. पण त्यांची हुकमतही मतांच्या पलीकडची नव्हती. 1907 मध्ये इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या बाजूची वृत्तपत्रीय मंडळी एकवटली, आणि जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी निवडायच्या 16 जागांच्या निवडणुकीत मेहता सतराव्या क्रमांकावर गेले. विजयी झालेल्या एकाची निवड रद्द ठरली, तेव्हाच ते सभागृहात परतू शकले. राजाला असा प्रसंग सोसावा लागत नाही; तो प्रतिनिधीच्याच वाट्याला येतो. शिवाय दार एकदा किलकिले झाले की पुढच्यांना ते सताड उघडता येते. आज प्रौढ मताधिकाराने, अर्ध्या जागा स्त्रियांसाठी राखून निवडले जाणारे सभागृह त्याच 1888 च्या कायद्याखाली बसते.

म्हणून एखाद्या जुन्या नगरसेवकाला निरोप देताना कामांच्या यादीबरोबर त्याने विचारलेले प्रश्न, अडवलेले चुकीचे खर्च आणि बदलायला लावलेले नियमही वाचून दाखवावेत. सभागृहाच्या इतिवृत्तांत हे सारे नोंदलेले असते. ते काढून लोकांसमोर ठेवणे अवघड नाही. त्याच्या नावाचा चौक जरूर असावा. पण त्याने मिळवून दिलेला प्रश्न विचारण्याचा हक्क त्या चौकातला माणूस वापरत राहील, तोवरच तो मान खरा ठरेल.