नामसादृश्याचा सापळा : मुक्त भांडारांतील बनावट पॅकेजे

संगणकाची कोणतीही मोठी आज्ञावली आज एकाच हाताने प्रारंभापासून अखेरपर्यंत लिहिली जात नाही. तारखांचे गणित, शब्दांची तुलना, इंटरनेटवरून माहिती आणणे, अशी नित्याची कामे करणारे तयार भाग इतरांनी लिहून सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून दिलेले असतात. अशा भागास पॅकेज म्हणतात, आणि ती जेथे साठविलेली असतात त्यास आपण भांडार म्हणू. पायथन भाषेचे ‘पायपीआय’, जावास्क्रिप्टचे ‘एनपीएम’ व रूबीचे ‘रूबीजेम्स’ ही अशी भांडारे होत. अमरावतीतील विद्यार्थी एका ओळीची आज्ञा टंकित करतो आणि क्षणार्धात पॅकेज त्याच्या संगणकावर येते. त्या ओळीत बहुधा एकच गोष्ट लिहिलेली असते : पॅकेजचे नाव. त्या नावावर किती विश्वास ठेवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या भांडारांत खाते उघडून कोणासही पॅकेज प्रसिद्ध करता येते. प्रसिद्धीपूर्वी प्रत्येक पॅकेजमधील मजकूर कोणी तज्ज्ञ वाचून पाहत नाही. मुख्य अट एवढीच की, ते नाव पूर्वी कोणी घेतलेले नसावे. या मोकळीकीमुळेच भांडारांची वाढ झाली. परंतु प्रसिद्ध नावाशी एका अक्षराने भिन्न असलेले नाव बहुधा रिकामे असते, आणि ते दुष्ट हेतूने बळकावणाऱ्यास फारसा अडथळा नसतो.

या धोक्याचे मोजमाप हॅम्बुर्ग विद्यापीठातील निकोलाय त्शाखर या विद्यार्थ्याने २०१६ च्या आपल्या प्रबंधात केले. उपरोक्त तीन भांडारांत त्याने प्रचलित नावांच्या चुकीच्या रूपांची निरुपद्रवी पॅकेजे ठेवली. काही महिन्यांत १७,००० हून अधिक संगणकांवर ती चालविली गेली, आणि त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी त्यांस संगणकाचे सर्वाधिकार लाभले होते. पुढील वर्षी, २०१७ साली, एनपीएममध्ये ‘क्रॉस-एन्व्ह’ या पॅकेजच्या नावातील जोडरेघ गाळून केलेले ‘क्रॉसएन्व्ह’ हे पॅकेज आढळले. ते मूळ पॅकेजचे काम यथास्थित करीत असे. मात्र स्थापनेच्या वेळीच संगणकाच्या परिसरात नोंदविलेली माहिती, म्हणजे प्रसंगी गुप्त संकेतशब्दही, परक्या यंत्राकडे धाडीत असे.

तिसरे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. ‘जेलीफिश’ हे पायथनचे पॅकेज शब्दांशब्दांतील साम्य मोजण्यासाठी वापरले जाते. त्याच्या नावातील लहान ‘एल’ च्या जागी मोठे ‘आय’ हे अक्षर घातलेले बनावट पॅकेज डिसेंबर २०१८ मध्ये पायपीआयवर आले. पडद्यावर ही दोन अक्षरे पुष्कळदा एकसारखीच दिसतात. गुप्त किल्ल्या चोरणारे हे पॅकेज सुमारे एक वर्ष तेथे राहिले आणि डिसेंबर २०१९ मध्ये काढले गेले. साम्य मोजणाऱ्या साधनाचे नावच साम्याने चोरले गेले!

येथे वऱ्हाडातील वाचकास बियाण्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. मृगाच्या तोंडावर नामांकित वाणाच्या वेष्टनाची नक्कल करून विकले जाणारे बोगस बियाणे कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास ठाऊक आहे. या प्रश्नाचे संस्थात्मक उत्तरही येथेच पाहावयास मिळते, कारण ‘महाबीज’ आणि राज्याची बीज प्रमाणीकरण यंत्रणा या दोहोंची मुख्यालये अकोल्यात आहेत. १९६६ च्या बियाणे अधिनियमाने अधिसूचित वाणांच्या विक्रीत पिशवीवरील लेबल सक्तीचे केले. प्रमाणीकरण मात्र ऐच्छिक ठेवले. प्रमाणीकरण म्हणजे केवळ नावाची नोंद नव्हे. बीजोत्पादनाच्या शेताची तपासणी होते, विलगीकरणाचे अंतर पाहिले जाते, नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि मगच पिशवीस निळे लेबल लागते. पिशवीवरून शेतापर्यंत माग काढता येतो.

तथापि दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. बोगस बियाणे शेतात उघडे पडते; उगवण झाली नाही की शेतकऱ्यास कळते, जरी तोवर हंगाम गेलेला असला. बनावट पॅकेज मात्र ‘क्रॉसएन्व्ह’प्रमाणे उत्तम काम करू शकते. ‘आज्ञावली चालली, म्हणजे पॅकेज खरे’ हे अनुमान म्हणूनच फसवे ठरते.

भांडारांनी काही उपाय योजिले आहेत. केवळ विरामचिन्हांच्या फरकाने वेगळी ठरणारी नवी नावे एनपीएमने २०१७ अखेर नाकारण्यास प्रारंभ केला. पॅकेज कोणत्या मूळ संहितेपासून सिद्ध झाले याचा पडताळण्याजोगा दाखला एनपीएमने २०२३ मध्ये व पायपीआयने २०२४ मध्ये उपलब्ध केला. हा दाखला शेताचा पत्ता सांगतो. शेत भल्या माणसाचे आहे की नाही, हे सांगत नाही. ठशांची नोंद ठेवणाऱ्या कुलूप-फाइलचेही तसेच आहे : पूर्वी घेतलेलेच पॅकेज पुन्हा आले एवढे ती सांगते, पहिली निवड चुकली असल्यास ती चूकच जपून ठेवते.

यात अलीकडे नवी भर पडली आहे. आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेली पॅकेजे सुचवितात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ प्रतिमाने तपासली असता सुचविलेल्या पॅकेजांपैकी सुमारे १९.७ टक्के काल्पनिक आढळली, आणि त्यांतील पुष्कळ नावे पुनःपुन्हा येत होती. असे नाव आधीच हेरून तेथे विषारी पॅकेज ठेवणे अवघड नाही.

सारांश, बियाण्याच्या व्यवहारात पारख करणारी यंत्रणा ग्राहक व विक्रेता यांच्यामध्ये उभी असते. मुक्त भांडारात तो भार बहुतांशी घेणाऱ्यावरच पडतो. म्हणून नाव स्मरणाने टंकित न करता प्रकल्पाच्या अधिकृत पृष्ठावरून घ्यावे. पॅकेजचा कर्ता, त्याचा पूर्वेतिहास आणि मूळ संहिता पाहावी. नव्या पॅकेजची स्थापना सर्वाधिकार देऊन करू नये, आणि ज्या संगणकावर संशोधनाची सामग्री वा संकेतशब्द आहेत तेथे तर मुळीच करू नये. प्रयोगशाळांनी तपासलेल्या पॅकेजांची स्वतःची यादी ठेवावी हे सर्वांत श्रेयस्कर. एका विद्यार्थ्याची पाच मिनिटांची पारख पुढील प्रत्येक तुकडीच्या उपयोगी पडेल.