लघु-आकार फिल्म कॅमेऱ्यांचा वापर : दुर्मीळ फिल्मची समस्या आणि उपाय

प्रस्तावना :

इ. स. १९१२ मध्ये कोडॅक कंपनीने खिशात मावणारा ‘व्हेस्ट पॉकेट’ कॅमेरा बाजारात आणला व त्यासाठी ४६ मिलिमीटर रुंदीची फिल्म तयार केली. ही फिल्म पुढे १२७ या क्रमांकाने ओळखली जाऊ लागली. त्यानंतरच्या सहा दशकांत लहान कॅमेऱ्यांसाठी आणखी काही मापे प्रचारात आली. १९३८ पासून रीगा येथे तयार झालेला मिनॉक्स, १९६३ चे १२६ आणि १९७२ चे ११० हे माप ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळ आजही यांत्रिकदृष्ट्या सुस्थितीत आहेत. परंतु योग्य मापाची फिल्म सहजी मिळत नसल्याने ते शोभेच्या वस्तू बनले आहेत. त्यांचा प्रत्यक्ष वापर कसा चालू ठेवता येईल, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

समस्येचे स्वरूप :

कोणत्याही फिल्मचे दोन घटक असतात. पहिला घटक म्हणजे प्रकाशसंवेदी लेप दिलेली पट्टी. दुसरा म्हणजे ती पट्टी कॅमेऱ्यात बसविणारे रीळ, कागदी अस्तर किंवा प्लॅस्टिकची डबी. पहिला घटक आजही उपलब्ध आहे. ३५ मिलिमीटर आणि १२० या मापांच्या फिल्म अनेक कंपन्या बनवितात. दुर्मीळ झाला आहे तो दुसरा घटक. कोडॅकने १२७ व ६२० या मापांचे उत्पादन १९९५ मध्ये थांबविले. १२७ ची फिल्म पुढेही बनविणारी क्रोएशियातील फोटोकेमिका ही कंपनी २०१२ मध्ये बंद झाली. इटलीतील फेरानिया कंपनीकडून होणारे १२६ चे उत्पादन २००७ मध्ये संपले. ११० हे माप मात्र २०१२ मध्ये लोमोग्राफी या संस्थेने पुन्हा बाजारात आणले.

कॅमेऱ्याचे आयुष्य त्याच्या दर्जावर अवलंबून असतेच असे नाही, हे यावरून दिसते. वडोदरा येथे तयार झालेला अॅग्फा क्लिक-३ हा अत्यंत साधा कॅमेरा महाराष्ट्रातील अनेक घरांत होता. तो १२० ची फिल्म घेतो. म्हणून त्यात आजही नवा रोल भरता येतो. याउलट, १९३१ चा ‘बेबी’ रोलायफ्लेक्स हा उत्कृष्ट कॅमेरा केवळ १२७ या मापामुळे अडून बसतो.

उपाययोजना :

१) रीळ बदलणे : ६२० ची फिल्म मुळात १२० चीच असून तिचे रीळ तेवढे बारीक असते. त्यामुळे १२० चा रोल अंधारात ६२० च्या रिळावर गुंडाळला की काम भागते.

२) फिल्म कापणे : १२७ साठी १२० ची सुमारे ६१ मिलिमीटर रुंद फिल्म ४६ मिलिमीटरपर्यंत कापावी लागते. कापलेली पट्टी जुन्या १२७ च्या कागदी अस्तरावर ठेवून तिचे फक्त पुढचे टोक चिकटवावे. दोन्ही टोके चिकटविल्यास गुंडाळताना फिल्मला फुगवटा येतो. मिनॉक्ससाठी ९.२ मिलिमीटर रुंदीची पट्टी लागते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या दोन्ही कडांवरील छिद्रे वगळून उरलेल्या भागातून अशा दोन पट्ट्या निघतात. त्यासाठी ठरावीक अंतरावर पाती बसविलेली छोटी पेटी वापरतात.

३) डबी पुन्हा भरणे : १२६ ची फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीचीच असते, परंतु तिला प्रत्येक चित्रामागे एकच छिद्र असते. जुनी डबी न मोडता उघडता आली, तर तीत नेहमीची फिल्म भरता येते. मात्र कॅमेरा प्रत्येक छिद्रावर अडतो. म्हणून भिंग झाकून काही वेळा शटर दाबत फिल्म पुढे न्यावी लागते. छिद्रांचा भागही चित्रात उमटतो.

घ्यावयाची काळजी :

आजच्या बहुतेक फिल्म सर्व रंगांच्या प्रकाशाला संवेदनशील असल्याने वरील कामे पूर्ण अंधारातच करावी लागतात. याच कारणामुळे, चित्रांचे क्रमांक पाहण्यासाठी कॅमेऱ्याच्या पाठीवर असलेली तांबडी खिडकी काळ्या पट्टीने झाकून ठेवावी व फिल्म पुढे सरकवितानाच, सावलीत, उघडावी.

फिल्मच्या वेगाचाही विचार आवश्यक आहे. एफ ११ एवढे छिद्र आणि सेकंदाचा पन्नासावा भाग एवढीच सोय असलेल्या कॅमेऱ्यात भर उन्हात आयएसओ १०० च्या फिल्मवर गरजेच्या सुमारे चौपट प्रकाश पडतो. निगेटिव्ह फिल्म तो सहन करते. आयएसओ ४०० च्या फिल्मवर मात्र हे प्रमाण सोळापट होते. म्हणून अशा कॅमेऱ्यांसाठी कमी वेगाची फिल्म श्रेयस्कर ठरते. मिनॉक्सची निगेटिव्ह ८ × ११ मिलिमीटर, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या नेहमीच्या चौकटीच्या सुमारे एकदशांश क्षेत्रफळाची असते. तिच्यावरील धुळीचा कणही छपाईत ठळक दिसतो. त्यामुळे सूक्ष्म कणांची फिल्म व स्वच्छता या दोन्ही बाबी अनिवार्य आहेत.

अशा रोलसाठी नेहमीच्या प्रयोगशाळांतील यंत्रे सोयीची नसतात. कृष्णधवल फिल्म असल्यास, रुंदी बदलता येणारे चाक असलेल्या टाकीत १२७ चा रोल घरीही धुता येतो.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, या कॅमेऱ्यांचे भवितव्य नव्या फिल्मपेक्षा जुन्या टाकाऊ वस्तूंवर अधिक अवलंबून आहे. पट्टी कापून मिळविता येते; परंतु रिकामे रीळ, क्रमांक छापलेले अस्तर आणि न मोडलेली डबी यांना सहजासहजी पर्याय मिळत नाही. धुण्यासाठी दिलेल्या रोलबरोबर या वस्तू वर्षानुवर्षे टाकून देण्यात आल्या. म्हणून वारशाने आलेला कॅमेरा हाती येताच त्यातील रीळ जपून ठेवावे. आत रोल असल्यास उजेडात कॅमेरा उघडू नये, कारण त्यावर न धुतलेली चित्रे असू शकतात. संग्रहालये व महाविद्यालयांच्या छायाचित्रण विभागांनीही कॅमेऱ्यांइतकेच महत्त्व या सुट्या भागांच्या जतनाला दिले, तर एका शतकाची छायाचित्रणकला विद्यार्थ्यांना काचेआडून न पाहता प्रत्यक्ष हाताळून शिकता येईल.